भावातला कॉमा: व्ह्यूमध्ये फॉर्म करायला बसण्याआधीची तयारी

गेल्या हंगामात कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानासाठी मी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला मालाचा हिशेब देणाऱ्या पावतीचा, फॉर्म केला. शेतकऱ्याचं नाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, भाव, हमाली, तोलाई आणि खाली निव्वळ रक्कम. व्ह्यू म्हणजे वेब पानं बांधायची जावास्क्रिप्टची चौकट, तिच्यात दोन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींचा फोन आला. तीस किलोचे चाळीस रवे, म्हणजे बारा क्विंटल गूळ, भाव ४,१५० आणि पट्टीवर गुळाची रक्कम ४८ रुपये. हमाली-तोलाई वजा होऊन निव्वळ रक्कम चक्क उणे आली होती. शेतकरी बीडशेडकडचा, पहाटेपासून यार्डात बसलेला. दुकानदारानं बरोबर हिशेबाची पट्टी हातानं लिहून दिली म्हणून त्याचं नुकसान झालं नाही. पण तो जे बोलला ते दिवाणजींनी मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं: "वरीसभर ऊस राखायचा, गुऱ्हाळ लावायचं, आन वर आमीच दुकानाला पैसं द्यायचं व्हय?" त्या वाक्यामुळं ही यादी लिहून ठेवली. नवा फॉर्म हातात घेण्याआधी मी ती पुन्हा वाचतो, तुम्हीही वाचा.

चूक एका ओळीची होती. भावाच्या रकान्यातून बाहेर पडलं की आकडा कॉमा घालून दिसावा, ही मागणी दिवाणजींचीच आणि ती रास्तही होती. चार-पाच आकडी रक्कम कॉमाशिवाय वाचताना डोळा चुकतो. मी कॉमा घातला आणि तोच कॉमावाला मजकूर हिशेबासाठी पार्सफ्लोटच्या, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फंक्शनच्या, हाती दिला. पार्सफ्लोट डावीकडून वाचत जातं, आकड्यात न बसणारं अक्षर आलं की थांबतं आणि तोवर मिळालेलं परत देतं. ‘४,१५०’ चे होतात ४. ‘१,२५,०००’ चा होतो १. इथं मी देवनागरी अंक लिहितोय, प्रोग्रॅममध्ये ते इंग्रजी समजा. एरर येत नाही, ब्राउझर चुका दाखवतो तो कन्सोल कोरा राहतो, स्क्रीनवर भाव ४,१५० असाच दिसतो. आणि हिशेब होतो बारा चोक अठ्ठेचाळीस.

तेव्हा पहिली गोष्ट, बाकी काही वाचलं नाही तरी ही वाचा: आकडा करण्याआधी कॉमा काढा. दाखवायचा मजकूर वेगळा, हिशेबाचा आकडा वेगळा, दोघांना एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबू नका.

आणि मला चाचणीत हे का सापडलं नाही, तेही सांगतो, कारण तुम्हीही तेच कराल. मी भाव म्हणून १०० टाकत होतो. कधी ५००. गुणाकार तोंडी करता येतो म्हणून. तीन आकडी संख्येत कॉमा येतच नाही, त्यामुळं माझी प्रत्येक चाचणी पास झाली. गुळाचा भाव क्विंटलला हजारांत असतो, हे यार्डात शिरणाऱ्या कुणालाही कळतं. मी दोन दिवस यार्डाचंच काम करत होतो आणि १०० टाकत होतो. चाचणीला खरे आकडे घ्या. एक चार आकडी, एक सहा आकडी, एक दशांशवाला, एक शून्य, एक रिकामा.

आता क्रमानं. फॉर्मला हात लावण्याआधी कागदावर प्रत्येक रकान्यापुढं लिहा: हा आकडा आहे की आकड्यासारखा दिसणारा मजकूर? कसोटी सोपी आहे, त्याची बेरीज करून काही अर्थ निघतो का? वजन, भाव, हमाली हे आकडे. मोबाइल नंबर, पिनकोड, बँक खातं हा मजकूर. खाते क्रमांकाचा आकडा केलात तर सुरुवातीची शून्यं उडतात. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा असतो. सोळा-सतरा अंकी खातं त्याच्या पलीकडं गेलं तर शेवटचे अंक गुपचूप बदलू शकतात. पैसे भलत्याच खात्यात. बँक शाखेच्या आयएफएससी कोडची अक्षरं अकरा, पाचवं नेहमी शून्य, लोक तिथं ओ टाकतात. तपासा.

आकड्याच्या रकान्याला टाइप नंबर द्यावासा वाटेल. कॉमा दाखवायचा असेल तर देऊ नका. त्यात कॉमा बसत नाही, अमान्य काही पडलं तर प्रोग्रॅमच्या हाती रिकामी स्ट्रिंग येते, ई हे अक्षर चालतं, आणि रकान्यात कर्सर असताना माउसचं चाक फिरलं की काही ब्राउझरांत आकडा आपोआप वरखाली होतो. शंभर पट्ट्या करणारा माणूस चाक फिरवतोच. टाइप टेक्स्ट ठेवा आणि कोणता कीबोर्ड उघडायचा ते सांगणारा इनपुटमोड डेसिमल द्या, फोनवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडतो. खाते क्रमांकाला इनपुटमोड न्यूमरिक.

मग वाचणारं फंक्शन. ते एकच असावं, एका फाइलमध्ये असावं, आणि सगळ्या फॉर्मनी तेच वापरावं. माझ्याकडं तीन कॉम्पोनन्टमध्ये, म्हणजे पानाच्या तीन सुट्या तुकड्यांत, तीन ठिकाणी पार्सफ्लोट होतं. एक दुरुस्त केलं आणि तोलाईचं राहिलं. त्या फंक्शनमध्ये काय काय हवं? आधी देवनागरी अंक इंग्रजी करून घ्या. दिवाणजींचा फोन मराठीत आहे, ते ४१५० देवनागरीत टाकतात, आणि जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला ते कळत नाही, उत्तर येतं एनएएन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. रेजेक्समधलं, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतलं, अंकांचं लघुरूपसुद्धा फक्त इंग्रजी अंक ओळखतं. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ हे ओळीनं २४०६ ते २४१५ या क्रमांकांवर आहेत, तेव्हा अक्षराच्या कोडमधून २४०६ वजा केले की अंक हातात. मग कॉमा काढा. मग रुपयाचं चिन्ह, मोकळ्या जागा आणि आपल्याकडं रकमेपुढं हमखास मारतात ती तिरकी रेघ नि आडवी रेघ, म्हणजे ‘४,१५०/-’ मधलं शेपूट. एक्सेलमधून चिकटवलेल्या मजकुरात हे सगळं येतं. मात्र "अंक सोडून सगळं उडव" असा आळशी नियम लावू नका, टिंबही उडेल आणि ४,१५०.५० चे चार लाख पंधरा हजार पन्नास होतील.

स्वच्छ झालेला मजकूर पार्सफ्लोटला न देता नंबरला द्या. पार्सफ्लोट ‘१२ पोती’ चे मुकाट १२ करतं; नंबर एनएएन देतं, म्हणजे निदान तुम्हाला कळतं. पण नंबरचीही एक खोड आहे: रिकाम्या स्ट्रिंगचं ते शून्य करतं. हमाली भरायची राहिली आणि हमाली शून्य आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून रिकामं आहे का हे आधी पाहा, असेल तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत द्या, आणि मगच नंबर. एनएएन आलं तर रकान्याखाली लाल अक्षरात सांगा, "भाव आकड्यात लिहा". शून्य धरून पुढं जाऊ नका.

आता रकाना आणि व्हेरिएबल जोडणाऱ्या व्ह्यूच्या व्ही-मॉडेलचे मॉडिफायर, म्हणजे त्याला लावायचे जादा नियम. ट्रिम वापरा. लेझी म्हणजे प्रत्येक अक्षराला न बदलता चेंज इव्हेंटला बदलणं, रकमेचे रकाने सोडून तेही ठीक. नंबर मॉडिफायरपासून सावध, कारण आतून तो पार्सफ्लोटच वापरतो. म्हणजे कॉमा आला की तोच खड्डा: ४,१५० चे ४. आणि अजिबात वाचता आलं नाही तर तो मूळ स्ट्रिंग तशीच ठेवतो, मग तुमच्या बेरजेत आकड्याला स्ट्रिंग चिकटते. कॉमा दिसणाऱ्या रकान्यावर नंबर मॉडिफायर लावायचा नाही. एवढं तरी भिंतीवर लिहा.

त्यापेक्षा रकमेचा एक छोटा कॉम्पोनन्ट करा. व्ह्यू ३.४ पासून कॉम्पोनन्टला व्ही-मॉडेल जोडणारं डिफाइनमॉडेल आहे, त्यानं काम हलकं होतं. बाहेर पालकाला, म्हणजे तो वापरणाऱ्या फॉर्मला, फक्त आकडा किंवा नल मिळतो. आत एक वेगळा रेफ, म्हणजे व्ह्यूचं व्हेरिएबल, फक्त मजकुराचा. रकान्यात शिरलं की मजकूर कॉमाशिवाय, बाहेर पडलं की कॉमासकट. टाइप करता करता कॉमा घालायचा मोह आवरा. व्हॅल्यू प्रोग्रॅममधून बदलली की कर्सर शेवटी उडी मारतो. मधला एक अंक दुरुस्त करणाऱ्याचे पुढचे अंक भलतीकडं पडतात. पान बदलून झाल्यावर, म्हणजे नेक्स्टटिकनंतर, सेटसिलेक्शनरेंजनं कर्सर जागेवर आणता येतो, पण कॉमा मोजत बसावं लागतं, आणि अडत दुकानात त्याची गरज नाही. जुनी पट्टी उघडली की बाहेरचा आकडा बदलतो, तेव्हा आतला मजकूरही बदलायला व्ह्यूचा बदलावर नजर ठेवणारा वॉच लावा, पण कर्सर त्या रकान्यात असेल तर हात लावू नका.

एंटरचं विसरू नका. एंटर मारून फॉर्म सबमिट झाला तर ब्लर, म्हणजे रकान्यातून बाहेर पडणं, होत नाही. आकडा फक्त ब्लरला वाचत असाल तर जुना भाव सेव्ह होतो. प्रत्येक इनपुटला वाचा, ब्लरला फक्त दाखवणं बदला.

कॉमा घालायला स्वतः रेजेक्स लिहू नका, तीन-तीनचा नियम लागून १२५,००० होतं आणि यार्डात ते कुणी वाचत नाही. जावास्क्रिप्टचं तयार इंटल नंबरफॉरमॅट वापरा. इंग्रजी-भारत लोकेल (भाषा नि देशाची खूण) दिलं की लाखाचा कॉमा जागेवर पडतो. मराठी-भारत दिलं की कॉमाबरोबर अंकही देवनागरी येतात. छापील पट्टीवर ते फार चांगलं दिसतं, मला स्वतःला तेच आवडतं. पण तो मजकूर पुन्हा वाचायची वेळ आली तर वर सांगितलेलं फंक्शनच लागेल. लोकेल न देता टू-लोकेल-स्ट्रिंग वापरू नका, प्रत्येकाच्या फोनवर वेगळं दिसेल. दशांश किती ते सांगा: रकमेला दोन, वजनाला तीन. व्ह्यू २ मध्ये टेम्प्लेटमध्ये पाइप लावून फिल्टर करायची सवय असेल तर ती सोडा, व्ह्यू ३ मध्ये फिल्टर नाहीत. साधं फंक्शन किंवा कॉम्प्युटेड, म्हणजे व्ह्यू स्वतः ताजी ठेवतो ती हिशेबातून आलेली किंमत.

रक्कम रुपयांत न साठवता पैशांत साठवा, पूर्णांकात. १९.९९ ला शंभरनं गुणलं की १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, म्हणून मॅथ राउंड लागतंच. टू-फिक्स्ड फक्त दाखवायला. ते स्ट्रिंग देतं, त्यावर बेरीज केली की आकडे शेजारी शेजारी चिकटतात. पुन्हा तेच: दाखवायचं वेगळं, हिशेबाचं वेगळं.

नावांचं. मराठी टायपिंगमध्ये अक्षर जुळत असताना, म्हणजे कीबोर्ड अजून शब्द बांधत असताना, व्ही-मॉडेल बदलत नाही. शेतकऱ्याचं नाव शोधायचा रकाना असेल आणि टाइप करता करता यादी गाळायची असेल तर व्हॅल्यू आणि इनपुट इव्हेंट स्वतः जोडा. कमाल लांबी कंजूषपणे देऊ नका: ‘क्षीरसागर’ आपल्याला पाच अक्षरं दिसतात, ब्राउझर नऊ मोजतो. गावाचं नाव जोडलं की वीसची मर्यादा संपते आणि आडनाव अर्धं कापलं जातं. ट्रिम कडेच्या मोकळ्या जागा काढतं, पण व्हॉट्सअॅपवरून चिकटलेली शून्य रुंदीची जागा काढत नाही. मग एकच शेतकरी यादीत दोनदा. ती जागा वेगळी काढा, नाव नॉर्मलाइझ करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करा, आणि मगच जुळवा.

तारीख. टाइप डेट वापरा, मिळते वर्ष-महिना-दिवस या क्रमाची स्ट्रिंग, ती तशीच साठवा. आपल्या स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट करून टू-आयएसओ-स्ट्रिंग केलं तर ते जागतिक वेळ (यूटीसी) धरतं, तिथं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजतात, आणि पाडव्याच्या मुहूर्ताचा सौदा आदल्या दिवसावर पडतो.

सिलेक्टच्या ऑप्शनला व्हॅल्यू या शब्दाच्या आधी कोलन लावा, नाहीतर आकड्याऐवजी स्ट्रिंग येते. चेकबॉक्स सोपे.

सेव्ह: बटण एकदाच दाबलं जाईल असं करा, नाहीतर दोन पट्ट्या निघतात. सर्व्हरला आकडा पाठवा, मजकूर नको. सर्व्हरवर परत तपासा. निव्वळ रक्कम उणे आली तर सेव्हच होऊ देऊ नका, माझ्या फॉर्ममध्ये एवढी एक ओळ असती तर ती पट्टी छापलीच गेली नसती. छपाई शेवटी, एक खरी पट्टी कागदावर काढून.

आणि दुकानात देण्याआधी दिवाणजींच्या शेजारी बसा, त्यांच्याच फोनवर. बारा क्विंटल, भाव ४,१५०, कॉमासकट, एकदा इंग्रजी अंकांत आणि एकदा देवनागरीत. दोन्ही वेळा ४९,८०० दिसले पाहिजेत.