मुंबई ते टोकियो: तिकिटावरचे तास कसे मोजायचे

मुलगी टोकियोत, निशी-कासाईत राहते. तिच्याकडे जाणारी सोसायटीतली मंडळी मला हमखास विचारतात, ‘जाताना साडेअकरा तास आणि येताना सहाच, असं कसं हो काकू?’

तसं नसतं. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या शहरातल्या असतात आणि जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. समजा, मुंबईहून रात्री ८ला निघालात आणि टोकियोच्या नारिता विमानतळावर सकाळी ७.३०ला उतरलात. घड्याळात दिसतात साडेअकरा, त्यातून साडेतीन वजा करा: प्रवास ८ तासांचा. परतताना उलट. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दिसायला सहा, त्यात साडेतीन मिळवा: साडेनऊ.

मग दीड तासाचा फरक उरतोच. तो वाऱ्याचा. विमानाच्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात जपानच्या आसपास तर फारच. जाताना तो पाठीशी, येताना समोर. गोळ्या वगैरे तासांवर घ्यायच्या असतील तर परतीचा प्रवास मोठा धरा.

अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणा. तो उत्तरेकडे सरकून चीनवरून जातो. प्रत्यक्ष मार्ग त्याहून थोडा लांबच पडतो.

आणि नारिता म्हणजे टोकियो नव्हे! शहर तिथून साठेक किलोमीटर. रेल्वेचा तासभर वेगळा धरा. टोकियोचा दुसरा विमानतळ हानेदा शहरातच आहे, तिथलं तिकीट मिळालं तर तेच घ्या.