'हेअर ऑफ द डॉग' म्हणजे नक्की काय? या चुका टाळा

इंग्रजी सिरीजमध्ये एखादा आदल्या रात्री भरपूर पिऊन सकाळी डोकं धरून बसलेला असतो आणि मित्र ग्लास पुढे करत 'हेअर ऑफ द डॉग?' विचारतो, तिथे 'कुत्र्याचा केस' असा अर्थ लावत बसलात तर काहीच कळणार नाही. आपल्याकडे पिणारे ज्याला उतारा म्हणतात ना, तेच हे. रात्रीची उतरवायला सकाळी परत थोडी. 'काट्याने काटा काढणे' म्हणून कुठेही वापरू नका, हे मुख्यतः दारू आणि हँगओव्हरबद्दलच बोललं जातं.

आता कुत्रा कुठून आला? पूर्वी युरोपात समजूत होती की जो कुत्रा चावला त्याचाच केस जखमेला लावला की माणूस बरा होतो. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने तर त्या कुत्र्याच्या शेपटीखालचे केस जाळून राख जखमेत भरायचा उपाय लिहून ठेवलाय. दारूच्या अर्थाने हे १५४६ साली जॉन हेवूडच्या म्हणींच्या पुस्तकात सापडतं.

पण म्हणून हा उपाय खरा समजू नका प्लीज. सकाळी परत घेतली की जरा बरं वाटतं, पण त्रास फक्त पुढे ढकलला जातो आणि लिव्हरला नवं काम लागतं. पाणी प्या, थोडं खा, झोपा. आणि सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरत असतील तर तो साधा हँगओव्हर नाही, डॉक्टरांकडे जा, अशा वेळी मनानेच एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

सगळ्यात भयंकर चूक खऱ्या कुत्र्याच्या चाव्याची. आजही लोक जखमेवर हळद, तिखट, चुना लावतात, हे वाचून खरंच जीव तुटतो, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि तडक हॉस्पिटल गाठा. १८८५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला, तेव्हापासून चावल्यावर रेबीज टाळायचा इलाज आहे. पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती काढून टाका, आता लस दंडात देतात. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (विषाणूशी लगेच लढणाऱ्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) आवर्जून विचारा, आणि कुत्रा धडधाकट दिसतोय म्हणून पहिला डोस लांबवू नका.