दारावरची चेहरा-हजेरी आणि ताप-तपासणी : या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना बायोमेट्रिक हजेरीतून सूट दिली आणि त्यानंतर मुंबईतील कार्यालयांच्या दारांवर चेहरा ओळखणारी, सोबत कपाळाचे तापमान सांगणारी यंत्रे झपाट्याने आली. बोट टेकवण्याच्या जुन्या यंत्रांच्या जागी ती आजही बसवली जातात आणि तक्रारही ठरलेलीच येते, की यंत्र खराब आहे, बदलून द्या. तपासायला गेल्यावर यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असते. चुकलेली असते ती जागा, वायरिंग किंवा नोंदणी.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे तापमान मोजणारे यंत्र थेट प्रवेशद्वाराच्या काचेशी लावणे. हे यंत्र शरीराच्या आतला ताप मोजत नाही. त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टिपून ते आतल्या तापमानाचा अंदाज बांधते, आणि त्वचेचे तापमान तर ऊन, घाम, पावसाचे पाणी किंवा एसीचा झोत यांपैकी कशानेही बदलते. अंधेरीच्या एमआयडीसी भागातील एका कार्यालयात पूर्वेकडे तोंड असलेल्या लॉबीत असे यंत्र लावले होते. ऑक्टोबरच्या उन्हात स्टेशनपासून चालत आलेले कर्मचारी दारात पोहोचले की लाल दिवा लागे, रांग रस्त्यापर्यंत जाई, आणि त्याच माणसांचे तापमान दुपारी अगदी व्यवस्थित येई. बसवणाऱ्याने यावर जो उपाय केला तो मला आजही संतापजनक वाटतो : त्याने इशाऱ्याची मर्यादाच वाढवून ठेवली. तक्रारी थांबल्या. पुढच्या पावसाळ्यात ओल्या कपाळाने एसीखाली उभे राहणाऱ्यांचे आकडे इतके खाली येऊ लागले, की अंगात स्पष्ट ताप असलेला एक कर्मचारी हिरव्या दिव्यावर आत गेला आणि दुपारी सहकाऱ्यांनी त्याला घरी पोहोचवले.

तिथे नवे यंत्र घेण्याची गरज नव्हती. यंत्र आतल्या भिंतीवर, ऊन आणि एसीचा झोत दोन्ही पोहोचणार नाहीत अशा जागी हलवले, मर्यादा पूर्ववत केली आणि समोर एक बाक ठेवला. अशा मोजणीसाठी खोलीचे तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत असावी, आणि माणूस सुमारे १५ मिनिटे त्या हवेत थांबलेला असावा, अशी अपेक्षा असते. गर्दीच्या वेळी सर्वांना थांबवणे अवघड आहे हे मान्य. पण ज्याचा आकडा जास्त येईल त्याला तरी बाकावर बसवून नंतर तोंडात धरायच्या थर्मामीटरने पुन्हा तपासावे आणि मगच घरी पाठवायचे की नाही ते ठरवावे. पॅरासिटामॉल घेऊन आलेल्याचा ताप यंत्रात दिसेलच असे नाही आणि संसर्ग झालेल्या प्रत्येकाला ताप येतोच असेही नाही, हे एचआर विभागाला आधीच स्पष्ट सांगावे.

काही यंत्रे आतल्या गणिताने प्रत्येक आकडा ३६.५ अंशांच्या आसपास ओढून आणतात. म्हणून मी ताबा देण्यापूर्वी एकाला कपाळावर कोमट पाण्यात पिळलेला रुमाल थोडा वेळ धरायला लावतो, कपाळ पुसतो आणि यंत्रासमोर उभे करतो. तरीही आकडा हलला नाही, तर ते यंत्र ताप-तपासणीसाठी मी स्वीकारत नाही.

दुसरी चूक अधिक धोकादायक आहे आणि ती केवळ वायर वाचवण्यासाठी केली जाते. दाराचे ईएम लॉक, म्हणजे वीज असेपर्यंत दार धरून ठेवणारे विद्युतचुंबकीय कुलूप, बाहेर लावलेल्या यंत्रातल्याच रिलेला, म्हणजे लॉक सोडणाऱ्या विजेच्या स्विचला, जोडले जाते. लोअर परळमधील एका कार्यालयात मी व्यवस्थापकांसमोर बाहेरचे यंत्र पट्टीवरून उतरवले आणि मागच्या दोन वायरी एक्झिट बटणासारख्या एकमेकींना टेकवल्या. दार उघडले, चेहऱ्याचा प्रश्नच आला नाही. दार उघडायचे की नाही हे ठरवणारा कंट्रोलर आणि रिले दाराच्या आतल्या बाजूलाच हवेत, बाहेरच्या यंत्राने आत फक्त ओळख पाठवावी, आणि तीही शक्यतो ओएसडीपी या एन्क्रिप्शनची सोय असलेल्या जोडणीवरून, कारण वीगंड या जुन्या पद्धतीच्या वायरींवरून जाणारा ओळख-क्रमांक एन्क्रिप्ट केलेला नसतो. याच वेळी फायर अलार्म पॅनेलचा स्विच (कॉन्टॅक्ट) लॉकच्या वीजपुरवठ्यात थेट जोडून घ्यावा, म्हणजे अलार्म होताच लॉकची वीज तुटून दार सुटेल. ‘सॉफ्टवेअरमधून दार उघडता येते’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही, कारण आग लागते तेव्हा सर्व्हर आणि नेटवर्क चालू असतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधासाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. पण कायदा नसता तरी सुमारे २७० किलोची पकड असलेले लॉक माणसांना आत कोंडून ठेवणार नाही, हे पाहणे बसवणाऱ्याचेच काम आहे.

लॉक सुटताना यंत्र रीस्टार्ट होत असेल, तर लॉकमधून उसळणारा विजेचा झटका जिरवण्यासाठी त्याच्या दोन टोकांवर उलट दिशेने डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा आणि लॉकला वेगळा पॉवर सप्लाय द्यावा. यंत्राच्या समोर उजेडाची खिडकी किंवा काचेचे दार येऊ देऊ नये, कारण माणसामागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. एचआरकडच्या जुन्या पासपोर्ट फोटोंवरून एका दुपारी सगळ्यांची नोंदणी उरकण्याची घाई नवशिके हमखास करतात आणि पुढचे कित्येक आठवडे दारात वाद होत राहतात. नोंदणी त्याच यंत्रासमोर, त्याच उजेडात, चष्मा लावून आणि काढून अशी दोन्ही प्रकारे करावी. फोटो किंवा मोबाइलवरचा चेहरा दाखवून दार उघडते का, हे त्याच दिवशी तपासावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

चेहऱ्याच्या नोंदीबाबतची बेफिकिरी मात्र मला सर्वाधिक खटकते. २०११ च्या नियमांनी बायोमेट्रिक माहितीला संवेदनशील वैयक्तिक माहिती मानले आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. तरीही नोकरी सोडून गेलेल्यांचे चेहरे आणि तापमानाच्या नोंदी वर्षानुवर्षे यंत्रात पडून असतात. सर्व्हरवरून नाव काढले तरी यंत्राच्या स्मृतीत चेहऱ्याचा साचा (ओळखीसाठी साठवलेली आकडेवारी) राहू शकतो, म्हणून दोन्हीकडची यादी दर महिन्याला ताडून पाहावी, आणि ज्याला चेहरा द्यायचा नसेल त्याच्यासाठी दाराशी कार्डाची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी.