खाऱ्या हवेत टिकेल असा व्हिडिओ गेमचा रिमोट

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात जुना व्हिडिओ गेम बहुधा गणपतीत माळ्यावरून खाली येतो, आणि चाकरमान्यांच्या मुलांनी कॅसेट लावली की पहिली तक्रार रिमोटचीच निघते: एखादे बटण लागत नाही, किंवा कोणी हात न लावताही ते दाबल्यासारखे वागते. मूळ बनावटीचा रिमोट आता सहज मिळत नसल्याने नवा घडवावा लागतो, आणि तो घडवताना किनाऱ्याची दमट, खारी हवा पहिल्या रेखाटनापासूनच हिशेबात धरावी.

आपल्याकडे घरोघरी आलेले टीव्ही गेम बहुतांशी १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला होत, त्यामुळे त्यांचे सर्किट सोपे आहे. रिमोटातल्या ४०२१ या शिफ्ट रजिस्टरला (बटणांची माहिती एकेक करून पाठवणाऱ्या चिपला) कन्सोल आधी लॅचचा इशारा देतो, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिपमध्ये पकडली जाते, आणि मग क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे या क्रमाने एकेक करून बाहेर पडते. त्याच क्रमाने बटणे चिपच्या १, १५, १४, १३, ४, ५, ६ आणि ७ या पायांना जोडावीत. डेटा ३ वरून घ्यावा, लॅच ९ ला आणि क्लॉक १० ला द्यावा, ८ व ११ ग्राउंडला जोडावेत आणि १६ ला ५ व्होल्ट द्यावेत. चिपलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

नऊ पिनांच्या प्लगची जोडणी मात्र प्रत्येक नकलेत सारखी नसते आणि तारांच्या रंगांवरही विसंबता येत नाही, म्हणून प्रत्येक तार मल्टिमीटरने स्वतः तपासावी. सेगा मेगा ड्राइव्हचा प्लगही नऊ पिनांचाच असतो, पण आतली रचना वेगळी असल्याने हा रिमोट त्याला लावू नये.

खरा विचार पुल-अप रेझिस्टरचा करावा लागतो. बटण दाबल्यावर चिपचा पाय ग्राउंडला जातो आणि एरवी हा रेझिस्टर त्याला ५ व्होल्टवर धरून ठेवतो. परंतु बटणाखालच्या, एरवी एकमेकींपासून सुट्या असलेल्या दोन संपर्कपट्ट्यांमध्ये मिठाचा ओलसर थर बसला की तेथून थोडा प्रवाह गळू लागतो आणि व्होल्टेज खाली येते. चिपला ‘बटण सुटे आहे’ हे खात्रीने कळण्यासाठी किमान ३.५ व्होल्ट लागतात. रेझिस्टर ४७ किलोओहमचा असेल, तर गळतीचा रोध सुमारे ११० किलोओहमखाली येताच ही खात्री संपते. रेझिस्टर १० किलोओहमचा असेल, तर गळतीचा रोध सुमारे २३ किलोओहमपर्यंत उतरला तरी चालते. म्हणून किनाऱ्यावर १० किलोओहमच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्याची किंमत एवढीच की बटणाखालच्या रबराचा कार्बन चांगला हवा, कारण झिजलेल्या कार्बनचा रोध ४ किलोओहमच्या वर गेला की दाबलेले बटण ओळखले जाईलच असे नाही. तेव्हा जुने रबर काढून नव्या रिमोटात बसवू नये.

पीसीबीच्या, म्हणजे सर्किटच्या पाटीच्या, संपर्कपट्ट्यांवर सोन्याचा मुलामा मागवावा, कारण उघडे तांबे या हवेत लवकर हिरवे पडते. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेला पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, पाटी पूर्ण वाळवून, संपर्कपट्ट्या टेपने झाकून मगच उरलेल्या भागावर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल रोखणारा पातळ थर, द्यावे. ओलसर पाटीवर कोटिंग दिल्यास ओल आतच कोंडते.

दिशेच्या बटणाखाली मधोमध टेकू ठेवावा, म्हणजे डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जाणार नाहीत; तसे झाले तर काही खेळ गोंधळतात. कवच थ्रीडी प्रिंट करायचे असल्यास पीएलए हे प्लास्टिक टाळून पीईटीजी हे प्लास्टिक वापरावे, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

कवच बंद करण्यापूर्वी पाटी पावसाळ्यातली एक रात्र पडवीत उघडी ठेवावी, आणि सकाळी एकही बटण न दाबता आठही पायांवरचे व्होल्टेज मोजावे. एखादा पाय ४.५ व्होल्टच्या खाली दिसला, तर त्या बटणाच्या पट्ट्यांमध्ये फ्लक्स राहिला आहे असे समजून तेवढी जागा पुन्हा धुवावी, वाळवावी आणि पुन्हा मोजावी.