फोर बाय फोरचे ऑल-टेरेन टायर बदलताना: आधी गाडीचं वजन बघा, मग टायरची ताकद

मे संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "टायर गेले, एटी टाकायचेत, कुठल्या कंपनीचे घेऊ?" एटी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर. कंपनी ही सगळ्यात शेवटची गोष्ट. मी आजवर तीन गाड्यांना मिळून सहा वेळा एटी टायर टाकले. त्यातला एक अख्खा संच चुकीचा घेतला, आणि ती चूक कंपनी निवडण्यात झालेली नव्हती.

आधी गाडीचे गेले सहा महिने आठवा. ठाण्याहून रोज बीकेसी, एखाद्या रविवारी कर्जत, वर्षातून दोनदा कोकण. मुंबईतल्या बहुतेक फोर बाय फोर गाड्यांचं आयुष्य असंच असतं. शंभरातले नव्वद किलोमीटर डांबर आणि काँक्रीट, तेही वर्षातले चार महिने ओलं. यासाठी एटी योग्य. गाडी कच्च्या रस्त्यावर कधीच उतरत नसेल, तर एचटी, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीचा हायवे टायर घ्या. आवाज कमी आणि पावसात ब्रेक जास्त चांगला. एमटी, म्हणजे चिखलासाठीच्या टायरचा विचार शहरात राहणाऱ्याने करूच नये.

माप कंपनीने दिलेलं तेच ठेवा. फारच हौस असेल तर व्यास तीन टक्क्यांपेक्षा जास्त वाढू देऊ नका. हिशोब सोपा आहे. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिमी, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंची. एकूण व्यास साधारण ७७४ मिमी. त्याच रिमवर २६५/७५ चढवला तर व्यास ८०४ होतो, जवळजवळ चार टक्के जास्त. काटा तेवढाच कमी वेग दाखवायला लागतो, पिकअप मंदावतो, ब्रेक लांबतो, आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर चाकावरच्या प्लास्टिकच्या लायनरला घासतो. जिम्नीच्या १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ घेतला तर फरक फक्त दीड टक्का, तो चालतो. "बसतोय ना रिमवर, मग काय," असं म्हणणाऱ्या टायरवाल्याचं ऐकू नका. रिमवर बसणं आणि गाडीला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता खरी अडचणीची जागा. टायरच्या बाजूला मापापुढे दोन-तीन आकडे आणि एक अक्षर असतं, ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "साहब, दस प्लाय है, पत्थर पे भी फटेगा नहीं." राजमाचीच्या वाटेवर आदल्याच वर्षी एका काळ्या दगडाने माझा टायर बाजूने चिरला होता, त्यामुळे ते वाक्य मला पटलं. मी एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीचे), लोड रेंज ई (दहा प्लायचा ताकदीचा वर्ग) चे पाच टायर घेतले. त्याने प्रत्येकात ४५ पीएसआय हवा भरली. मजबूत टायर आहे, हवाही जास्त लागते, असं त्याचं म्हणणं.

जुलैमध्ये घोडबंदर रोडवर, गायमुखाच्या उतारावर, पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला. एबीएस पायाखाली थरथरत राहिलं आणि गाडी सरकत राहिली. थांबली तेव्हा रिक्षाच्या मागच्या पत्र्यात आणि माझ्या बंपरमध्ये हातभर अंतर होतं. वेग चाळीससुद्धा नव्हता. घरी येऊन टायर बघितले तर नक्षी नवीकोरी, दहा-अकरा मिमी खोल.

दोष नक्षीत नव्हता, ताकदीच्या हिशोबात होता. मापापुढचा आकडा म्हणजे लोड इंडेक्स, एक टायर किती वजन पेलतो ते. १०९ म्हणजे १०३० किलो, १११ म्हणजे १०९०, १२० म्हणजे १४००. माझी गाडी चार माणसं आणि सामान धरून २२०० किलोच्या आसपास. म्हणजे एका टायरवर सरासरी ५५० किलो. मागे जास्त भार धरला तरी साधा १०९ चा टायर पुरून उरतो. मी १२० चा घेतला होता, म्हणजे भरलेल्या पिकअप ट्रकसाठी बनवलेला. त्याची बाजू इतकी कडक की माझ्या गाडीच्या वजनाने ती दबतच नव्हती. त्यात ४५ हवा. टायर मधल्या पट्ट्यावर उभा होता आणि दोन्ही कडा रस्त्याला जेमतेम लागत होत्या. शिवाय असा टायर साध्यापेक्षा चार-पाच किलो जड. खड्ड्यावरून उडालेलं चाक रस्त्यावर परत टेकायला वेळ लागतो, आणि टेकेपर्यंत ना ब्रेक ना स्टिअरिंग.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर शाळेतला पांढरा खडू घ्या. टायरच्या रुंदीभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, जाड रेघ ओढा. सोसायटीच्या सपाट, कोरड्या जागेत गाडी सरळ वीस-तीस मीटर चालवा आणि उतरून बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली तर हवा बरोबर. माझ्या टायरची रेघ मधोमध चार बोटं साफ गेली होती आणि दोन्ही कडांना खडू जसाच्या तसा होता. हवा उतरवत ३६ वर आणली तेव्हा रेघ कडांपर्यंत पुसली जायला लागली. ब्रेक सुधारला, पण टायरचा कडकपणा गेला नाही. तो संच दोन वर्षांत विकून टाकला.

म्हणून माझं मत पक्कं आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने सांगितलेल्या टायरचं आणि हवेचं स्टिकर असतं, ते बघा. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको, आणि उगीच दहा-अकरा अंकांनी जास्तही नको. मापाआधी एलटी लिहिलेलं नसेल असा साधा एटी मुंबईतल्या गाडीला पुरतो. दर महिन्याला दगडधोंड्यांत जाणार असाल तर एलटी घ्या, पण सहा प्लायचा, लोड रेंज सी. दहा प्लाय म्हणजे आत दहा थर असतात हाही गैरसमज आहे. तो ताकदीचा जुना मापदंड आहे, प्रत्यक्षात बाजूला दोन किंवा तीनच थर असतात. एलटी घेतलाच तर हवा स्टिकरपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून सुरुवात करा आणि पुढचं खडूला ठरवू द्या. स्टिकरच्या खाली जाऊ नका, कारण तेवढ्याच हवेत एलटी साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो.

नक्षी निवडताना मोठ्या ठोकळ्यांवर भाळू नका. ठोकळ्यांच्या माथ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा आहेत का ते बघा, नख घालून बघा. ओल्या रस्त्यावर, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पत्र्यांवर, जूनच्या पहिल्या सरीत धूळ आणि तेलाचा राप सुटतो त्यावर पकड देतात त्या याच चिरा. दोन टायरमध्ये अडला असाल तर चिरा जास्त असलेला घ्या, दिसायला साधा असला तरी.

तारीख बघा: टायरच्या बाजूला डॉट (DOT) असं लिहिलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाहून जुना माल मी परत करतो. आयएसआयचा शिक्का नसलेला आयात टायर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

चारही एकदम बदला. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये (गरज पडली तरच चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत) पुढे नवे आणि मागे झिजलेले ठेवले तर दोन्हींचा घेर वेगळा पडतो. फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडली की, पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळायला लागतात आणि मार ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला बसतो. पैसे कमी पडत असतील तर एक महिना थांबा, पण दोन-दोन करून घेऊ नका. बसवताना नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. नट शेवटी टॉर्क पान्याने आवळून घ्या, नुसत्या गनने नाही.

पहिले तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जायला तेवढं लागतं. दगडांच्या वाटेवर हवा २२ पर्यंत उतरवा आणि डांबरावर येताच पुन्हा भरा; त्यासाठी गाडीत छोटा कॉम्प्रेसर हवाच. झिजेची पट्टी १.६ मिमीवर असते. मी मात्र तीन मिमी उरली की पुढचा पावसाळा त्या टायरवर काढत नाही.

दर आठ हजार किलोमीटरला टायरच्या जागा आपसात बदला, स्टेपनीसकट पाचही. स्टेपनी फिरवायची असेल तर ती त्याच मापाची, त्याच नक्षीची हवी. फिरवत नसाल तर तिच्यात तीन-चार पीएसआय हवा जास्त ठेवा, कारण मागच्या दारावर लटकलेल्या त्या टायरची हवा महिनोन्महिने कुणी बघत नाही.