इन्व्हर्स फंक्शन: सूत्र बरोबर, डोमेन चूक

इन्व्हर्सचं (उत्तरावरून मूळ संख्येकडे परत नेणाऱ्या उलट्या फंक्शनचं) सूत्र बहुतेक मुलं नीट काढतात आणि डोमेन, म्हणजे फंक्शनमध्ये घालता येणाऱ्या संख्या, लिहिताना घसरतात. मूळ फंक्शनची रेंज (त्यातून मिळणारी उत्तरं) हेच इन्व्हर्सचं डोमेन, आणि मूळ फंक्शनचं डोमेन हीच इन्व्हर्सची रेंज. हा नियम पाठ असूनही उत्तर चुकतं, कारण सूत्र हाती आलं की मूळ फंक्शनकडे कुणी परत बघत नाही.

सोलापूरचा पारा घ्या. थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत तो १० ते ४५ अंश सेल्सिअस धरू. फॅ = (९/५)से + ३२ या सूत्राने १० चे ५० होतात, ४५ चे ११३. उलटं सूत्र से = (५/९)(फॅ − ३२). त्याचं डोमेन [५०, ११३]. सवयीने [१०, ४५] लिहिलंत तर ४५ घातल्यावर साधारण ७.२ येतं, म्हणजे आपण धरलेल्या पाऱ्याच्या बाहेरचा आकडा.

वर्गमूळ आलं की ही चूक हमखास होते. य = √(क्ष − ३) + १ घ्या. डोमेन क्ष ≥ ३. वर्गमूळ कधी ऋण नसतं, म्हणून रेंज य ≥ १. क्ष-य ची अदलाबदल करून सोडवलं की य = (क्ष − १)² + ३ मिळतं. आता हे वर्गाचं सूत्र, कुठलीही संख्या घाला, चालतं. म्हणून मुलं डोमेन ‘सर्व वास्तव संख्या’ लिहून मोकळी होतात. −१ घालून बघा: उत्तर ७. मूळ फंक्शनमध्ये ७ घाला: ३ येतात, −१ नाही. तेव्हा ‘क्ष ≥ १’ ही अट सूत्राशेजारी लिहायलाच हवी, तिच्याविना इन्व्हर्स अपुरा आहे.

वर्गाच्या फंक्शनला तर आधी डोमेन कापावं लागतं, नाहीतर ते वन-वन (प्रत्येक उत्तर एकाच संख्येपासून येणारं) नसतं आणि इन्व्हर्सच नसतो. य = क्ष² − ४क्ष + ७, क्ष ≤ २ दिलंय समजा. पूर्ण वर्ग करा: (क्ष − २)² + ३. उलटवल्यावर २ ± √(क्ष − ३). चिन्ह कुठलं? इन्व्हर्सची रेंज २ किंवा त्याहून कमी हवी, म्हणून उणे. पडताळा सोपा आहे: ० घातला तर ७, आणि २ − √४ = ०.

अपूर्णांकी फंक्शनमध्ये मात्र याच नियमाचा फायदा घ्या. य = (२क्ष + ३)/(क्ष − ४) ची रेंज थेट शोधत बसू नका. इन्व्हर्स (४क्ष + ३)/(क्ष − २) काढा. त्याला २ चालत नाही, म्हणजे मूळ रेंजमधून २ वगळायचा.

इन्व्हर्स दाखवायला फंक्शनच्या डोक्यावर लिहितात तो −१ हा घातांक नव्हे, हेही ध्यानात असू द्या: क्ष + ५ चा इन्व्हर्स क्ष − ५ आहे, १/(क्ष + ५) नाही.

त्रिकोणमितीत साइन इन्व्हर्सची रेंज −९०° ते ९०°, कॉस इन्व्हर्सची ०° ते १८०°. म्हणून साइन इन्व्हर्स (साइन १५०°) = ३०°, पण कॉस इन्व्हर्स (कॉस १५०°) = १५०°. ‘साइन आणि साइन इन्व्हर्स कटतात’ म्हणून कोन तसाच उतरवू नका. आधी तो रेंजमध्ये बसतो का ते पाहा.