किल्ल्या मुठीत धरा

नोकरीची पहिली अकरा वर्षं मी ज्या मनोरुग्णालयात काढली, ते आता ओस पडलंय. लोक तिथले फोटो 'भुताटकीची जागा' म्हणून दाखवतात, तेव्हा हसू येतं आणि रागही. तिथे भुतं कुठली! मोजदाद होती. प्रत्येक पाळीला माणसं मोजायची, जेवणानंतर चमचे मोजायचे. दोन्ही आकडे जुळले की घरी.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या नर्सेसना मी आधी माझी एक चूक सांगते. तिसऱ्या महिन्यात वॉर्डात एक गृहस्थ होते. हॅलोपेरिडॉल हे भ्रम-भासांवरचं औषध सुरू होऊन चारेक दिवस झालेले. सारख्या येरझारा. बसवलं की पाय हलायचे, लगेच उठायचे. मी नोंदवहीत लिहिलं, 'आजार बळावला, आक्रमक होण्याची शक्यता.' राउंडला ते वाचून डोस वाढवला गेला. येरझाराही वाढल्या. रात्रपाळीच्या जुन्या सिस्टर त्यांच्याबरोबर व्हरांड्यात दहा मिनिटं चालल्या, दोन-चार प्रश्न विचारले आणि मला म्हणाल्या, "अगं, हा आजार नाही, हे औषध आहे." अकॅथिसिया, म्हणजे औषधामुळे येणारी, स्वस्थ बसू न देणारी बेचैनी. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवणारी ही औषधं भ्रम-भास कमी करतात, पण हालचालींचं तंत्रही बिघडवू शकतात. डोस उतरवला, जोडीला ही बेचैनी कमी करणारं प्रोप्रानोलॉल दिलं, आणि काही दिवसांत ते बाकावर बसून वर्तमानपत्र वाचू लागले. माझ्या एका ओळीपायी त्या माणसाचे किती तास तसे गेले, हे मी अजून मोजते.

तेव्हा नोंदीत निदान करत बसू नका, दिसलं ते लिहा. 'अस्वस्थ' हा शब्द काहीच सांगत नाही. 'अर्ध्या तासात सहा वेळा उठले, पाय थांबत नाहीत म्हणाले' हे डॉक्टरांच्या कामाचं. मान एकाएकी वाकडी झाली, डोळे वर खिळले, तर ते नाटक समजू नका, ताबडतोब कळवा. मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमवरच्या रुग्णाला उलट्या-जुलाब झाले, हात जोरात कापू लागले, चाल अडखळली, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नसतं. क्लोझापिन या भ्रम-भासांवरच्या औषधावर ताप किंवा घसादुखी आली, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायला हव्यात; हे औषध त्या धोकादायकरीत्या कमी करू शकतं. 1975 मध्ये फिनलंडमध्ये रुग्ण दगावले, तेव्हा हे जगाला कळलं.

आणि किल्ल्या. जुडगा वाजला की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. तेव्हापासून मी तो मुठीत धरून चालायला लागले.

इटलीने 1978 मध्ये कायदा करून अशा संस्थांत नवे रुग्ण घेणं थांबवलं. आमचं रुग्णालय मात्र गाजावाजा न करता, एकेक वॉर्ड करत रिकामं झालं. शेवटच्या तुकडीतल्या एका बाईंना सहाजणींच्या छोट्या घरात हलवलं. आठवड्याने भेटायला गेले, तर त्या दाराशी उभ्या. दार नुसतं लोटलेलं. "सिस्टर, उघडता का?"

आम्ही कडी लावायचा-काढायचा सराव सुरू केला. रोज सकाळी, चहाआधी. तीन आठवडे लागले.